बेटामागे आवाज पोचत नाही

आमच्या बोटीला मोठ्या रेडिओतून सूट मिळायला सात महिने लागले. त्यातले पहिले तीन मी चुकीच्या कारणासाठी भांडण्यात घालवले. चूक माझी होती, सूट देणाऱ्या कार्यालयाची नव्हे. छोटी प्रवासी बोट चालवणाऱ्या कुणाला याच वाटेनं जायचं असेल, तर त्याचे तीन महिने वाचावेत म्हणून घडलं तसं लिहिते आहे.

बोट फायबरची, १४ मीटर लांब, ३६ प्रवासी बसतील एवढी. सुकाणू मामांकडे आणि कागद माझ्याकडे, अशी आमची भागीदारी. आधीची फेरी किनारा धरून असायची. मग ११ सागरी मैलांवरच्या दीपगृहाच्या बेटापर्यंत फेरी न्यायचं ठरलं. अंतर वाढलं तशी परवान्यातली मर्यादा बदलली, आणि मर्यादेबरोबर रेडिओची यादीही. आधी एक व्हीएचएफ, म्हणजे जवळच्या पल्ल्याचा रेडिओ संच पुरत होता. आता त्याखाली एमएफ, म्हणजे मध्यम लहरींचा संच आला. २१८७.५ किलोहर्ट्झवर डिजिटल हाक (बटण दाबून जाणारी, न बोलता दिलेली हाक) द्यायची आणि २१८२ वर बोलायचं, तो.

मामांनी यादी दोनदा वाचली. "हा ठेवायचा कुठे? माझ्या डोक्यावर?"

प्रश्न रास्त होता. व्हीएचएफची काठी माणसाच्या उंचीएवढी असली तरी काम भागतं. मध्यम लहरींना लांबलचक एरियल लागतं, आणि त्याहून त्रासाचं म्हणजे चांगलं अर्थिंग लागतं. लोखंडी जहाजाला त्याची चिंता नसते, सगळा सांगाडाच अर्थिंग. फायबरच्या बोटीला पाण्याखाली धातूचा पत्रा बसवून तिथपर्यंत तांब्याची पट्टी न्यावी लागते. आमच्या केबिनमध्ये दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागतं, तिथे हे सगळं बसवायचं. म्हणून सूट मागायची, असं मी ठरवलं.

पहिला अर्ज मी एका संध्याकाळी लिहून टाकला. कारणं तीन: बोट लहान आहे, जागा नाही, खर्च झेपणारा नाही. वर बोटीचे फोटो जोडले, केबिन किती अरुंद आहे ते दिसावं म्हणून मामांना मुद्दाम आत उभं करून काढलेले. अर्ज परत आला. मी पुन्हा पाठवला, शब्द जरा कडक करून. पुन्हा परत. तिसऱ्यांदा मी स्वतःच कार्यालयात जाऊन धडकले.

तिथल्या बाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ही सगळी कारणं बोटीबद्दलची आहेत. मला समुद्राबद्दलचं कारण हवंय."

मला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते इथे नीट मांडते, कारण सगळी गोम त्यातच आहे.

समुद्रावरच्या सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्याला सगळे सोलास म्हणतात, त्याची पहिली आवृत्ती १९१४ ची, टायटॅनिक बुडाल्यानंतरची. त्यातलं चौथं प्रकरण रेडिओचं. हा करार मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांसाठी आहे, आणि त्याच्या लेखी १२ हून जास्त प्रवासी नेतं ते प्रवासी जहाज. आमच्यासारख्या देशातल्या देशात फिरणाऱ्या बोटींचे नियम ज्याचे त्याचे देश करतात. पण सुटीची भाषा बहुतेक तिथूनच झिरपत खाली येते, आणि आमच्या नियमांतही ती तशीच उतरली होती. ती भाषा म्हणते की एखाद्या जहाजाला अंशतः किंवा अटींवर सूट देता येईल, पण केव्हा? तर सुरक्षिततेवर परिणाम करणारी परिस्थितीच अशी असेल की पूर्ण नियम लावणं अवाजवी किंवा अनावश्यक ठरेल. जागा नाही, पैसे नाहीत, हा शब्द त्यात कुठेही नाही. शिवाय करारानं बांधलेल्या सरकारांना अशा दिलेल्या सुटींची कारणांसह यादी दरवर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेला कळवावी लागते. म्हणजे सूट देणाऱ्यालाही वर कुणाला तरी तोंड द्यायचं असतं. हे कळल्यावर माझा राग निम्मा उतरला.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती जास्त महत्त्वाची. सूट यंत्रातून मिळते, कामातून नाही. संकटाची हाक किनाऱ्यापर्यंत किमान दोन वेगवेगळ्या आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या मार्गांनी पोचली पाहिजे, हे काम कायम राहतं. "एमएफ नको म्हणता ना? मग व्हीएचएफ तुमच्या संपूर्ण मार्गावर ऐकू जातो हे दाखवा, आणि तो बंद पडला तर दुसरी वाट कोणती ते सांगा."

मी म्हणाले, "मॅडम, बेट अकराच मैलांवर आहे. व्हीएचएफ वीस मैल जातो."

"कोण म्हणतं?"

सगळेच म्हणतात. पण नियमात वीस मैल असा आकडा नाही. ज्याला 'ए-१ क्षेत्र' म्हणतात त्याची व्याख्या अंतरावर नसून ऐकू येण्यावर आहे: किमान एका किनारा-केंद्राच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्राच्या, व्हीएचएफच्या टप्प्यात, जिथे डिजिटल हाक सतत ऐकली जाते, तो भाग. त्याच्या पलीकडे एमएफचं ए-२. वीस-तीस मैल हा नुसता अंदाज. मध्ये डोंगर आला तर दोन मैलांवरही तुम्ही ए-१ मध्ये नसू शकता.

परत येताना मी हिशेब मांडला. व्हीएचएफ लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला साधारण २.२ नं गुणायचं, की क्षितिज सागरी मैलांत मिळतं. दोन्ही टोकांची बेरीज म्हणजे टप्पा. आमची काठी पाण्यापासून ३ मीटरवर, म्हणजे पावणेचार मैल. किनारा-केंद्राचा मनोरा टेकडीवर, समुद्रसपाटीपासून १०० मीटरच्या आसपास, म्हणजे २२ मैल. बेरीज पंचवीसच्या वर. कागदावर बेट हातात होतं. मामांची सूचना होती काठी दुप्पट उंच करायची, पण वर्गमूळ असल्यामुळे दुप्पट उंचीनं जेमतेम दीड मैल वाढतो. खरा फायदा किनाऱ्याच्या मनोऱ्याच्या उंचीचा, आणि ती काही आपल्या हातात नसते.

मग आम्ही मार्गावरचे १२ बिंदू ठरवले, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश वहीत लिहिले आणि बोट रिकामी घेऊन निघालो. किनारा-केंद्राला आधी कळवून ठेवलं होतं. चाचणीसाठी चॅनल १६ अडवायचा नसतो, तो संकटाचा आणि हाक मारण्याचा. त्यांनी कामाचा एक चॅनल दिला. प्रत्येक बिंदूवर थांबायचं, पूर्ण २५ वॉटवर बोलायचं, मग १ वॉटवर, आणि ते कसं ऐकू आलं ते लिहायचं.

चौथ्या बिंदूलाच आवाज खरखरू लागला. अजून पाच मैलही झाले नव्हते. मामा म्हणाले, "तुझं वर्गमूळ चुकलंय." वर्गमूळ बरोबर होतं, केबल चुकली होती. कुणीतरी पूर्वी बारीक, स्वस्तातली केबल जवळजवळ १० मीटर फिरवून आणली होती. अशा केबलमध्ये एवढ्या लांबीत एक तृतीयांशाहून जास्त ताकद वाटेतच जिरते. वर कनेक्टरमध्ये खारं पाणी शिरून आतली जाळी हिरवी पडलेली. रेडिओच्या तंत्रज्ञानं मीटर लावून दाखवलं: अँटेनाकडे पाठवलेल्या ताकदीतला बराच भाग उलटा फिरून संचाकडेच येत होता. इतकी वर्षं आम्ही जेटीवरून जेटीवर बोलून 'रेडिओ चालू आहे' अशी सही करत आलो होतो.

जाड केबल टाकली, लांबी निम्मी केली, कनेक्टर बदलून वर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी टेप गुंडाळली. बॅटरीचं कनेक्शनही बदललं. बोलताना संच पाच-सहा अँपिअर ओढतो, आणि लांब बारीक वायरीत व्होल्टेज इतकं पडत होतं की बटण दाबलं की पडदा मंद व्हायचा. आम्हाला तो संचाचा स्वभाव वाटायचा.

त्याच दुरुस्तीत दुसरी भानगड निघाली. ती आठवली की अजूनही पोटात गोळा येतो. संच आम्ही वापरलेला घेतला होता. डिजिटल हाकेसाठी प्रत्येक बोटीला नऊ आकडी क्रमांक असतो, एमएमएसआय, आणि त्यातले पहिले तीन आकडे देशाचे. (किनारा-केंद्राचा क्रमांक दोन शून्यांनी सुरू होतो, तेवढ्यावरून हाक कुणाची ते ओळखता येतं.) तंत्रज्ञानं मेनू उघडला आणि विचारलं, "हा नंबर तुमचाच ना?" आमचा नव्हता. आधीच्या मालकाच्या बोटीचा होता. आम्ही लाल झाकण उचलून बटण दाबलं असतं, तर किनाऱ्यावर उमटली असती भलतीच बोट, भलता मालक, भलता फोन नंबर. आणि संचाला जीपीएसची वायरच जोडलेली नव्हती, म्हणजे जागाही कळली नसती. बहुतेक संचांत हा क्रमांक एक-दोनदाच घालता येतो. पुढे वापरणाऱ्याला तो बदलता येत नाही, संच अधिकृत दुरुस्तीकडे पाठवावा लागतो. त्यात तीन आठवडे गेले. वापरलेला संच घेणाऱ्यानं पैसे देण्याआधी मेनूतला क्रमांक बघावा.

दुसऱ्या फेरीत नऊ बिंदूंपर्यंत सगळं स्वच्छ, १ वॉटवरसुद्धा. मी हुरळले. दहाव्या बिंदूला बोट बेटाला वळसा घालते, तिथे शब्द तुटू लागले. अकरावा उतरायच्या धक्क्याआधीचा, बाराव्यावर धक्काच. धक्का बेटाच्या पलीकडच्या अंगाला, कारण लाटांपासून आडोसा तिथेच मिळतो. जो डोंगर लाटा अडवतो तोच आमचा आवाजही अडवत होता. मी तीनदा हाक मारली. काहीच नाही.

मामा म्हणाले, "थांब, भरती येऊ दे." मला ते खुळचट वाटलं, कारण बोट पाण्यावर तरंगते, भरतीनं तिची पाण्यापासूनची उंची काय बदलणार! पण ते धक्क्याच्या भिंतीबद्दल बोलत होते. ओहोटीला बोट भिंतीच्या खाली जाते आणि काठीचं टोक दगडाच्या आड येतं. भरतीला ते भिंतीच्या वर असतं. पाणी चढेपर्यंत चार तास थांबलो. भरतीला हाक मारली तर पलीकडून उत्तर आलं, क्षीण, अर्धे शब्द गिळलेलं, पण आलं. वहीत आम्ही दोन्ही वेळा लिहिल्या. जिथे उत्तर आलं नाही तिथे 'नाही' असंच लिहिलं. ते लिहिताना माझा हात अडखळला, खोटं कशाला सांगू. अर्जाच्या मुळावर येणारी ओळ आपल्याच अक्षरात लिहायची होती.

मामांचं म्हणणं, बेटावर फोनला रेंज आहे, मग अडतं कुठे? हा प्रश्न मी बाईंना विचारला होता. फोनवर तुम्ही एकालाच बोलता, त्यानं उचलला तर. चॅनल १६ वर बोललात तर टप्प्यातल्या प्रत्येक बोटीच्या कानावर पडतं, आणि सगळ्यात जवळचा मदतीला निघू शकतो, किनाऱ्याला ऐकू गेलं नाही तरी. मामा मासेमारीच्या बोटींवर वाढलेले, त्यांना हे एका वाक्यात पटलं.

मधल्या काळात मामांची रेडिओची परीक्षा झाली. नियम वाचायला लावल्याबद्दल त्यांनी मला भरपूर ऐकवलं, पण परीक्षेत ते माझ्यापेक्षा बरे निघाले. मेडे कधी, पॅन-पॅन कधी, सेक्युरिते कधी, याचा गोंधळ माझा झाला. त्यांचं साधं होतं: जीव चाललाय तर मेडे, अडचण आहे पण जीव चाललेला नाही तर पॅन-पॅन, दुसऱ्यांना सावध करायचंय तर सेक्युरिते. त्यांची अडचण वेगळी. 'ओव्हर' म्हणून झालं तरी बटणावरचा अंगठा उठायचा नाही. दाबलेल्या बटणानं आपलं ऐकणं बंद होतंच, वर चॅनलही अडून राहतो. परीक्षकांनी शेवटी त्यांच्या अंगठ्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा तो उठला.

दुसरा अर्ज पाच पानांचा झाला. केबिनचे फोटो काढून टाकले, जागा आणि खर्चाचा एक शब्द ठेवला नाही. त्याऐवजी बारा बिंदूंचा तक्ता, भरती-ओहोटीच्या वेळांसकट. एमएफ संच या मार्गावर अनावश्यक का, तर बारापैकी नऊ ठिकाणी किनारा-केंद्र व्हीएचएफवर स्पष्ट ऐकतं. उरलेल्या तीन बिंदूंचं काय, तर त्या टप्प्यात दुसरी वाट म्हणून उपग्रहाला हाक देणारा बीकन, म्हणजे ईपीआयआरबी. तो ४०६ मेगाहर्ट्झवर बोलतो, डोंगरामागून समोर नाही पण वर आकाशाकडे, त्यामुळे बेटाचा आडोसा त्याला फारसा नडत नाही. बोट बुडाली तर काही मीटर खोलीवर पाण्याच्या दाबानं कुलूप सुटून तो आपोआप वर येतो. त्या कुलपाची मुदत दोन वर्षांची, हेही लिहिलं, कारण सर्वेयर पहिल्यांदा तिथेच तारीख बघतात असं ऐकलं होतं. आणि शेवटी एक परिच्छेद मामांच्या सांगण्यावरून: वळसा घालण्याआधी दहाव्या बिंदूच्या अलीकडे थांबून किनारा-केंद्राला कळवायचं की आता आम्ही आवाजाआड जातोय, परत बाहेर कधी येऊ ती वेळ द्यायची, आणि बाहेर आल्यावर पुन्हा कळवायचं. ती वेळ टळली तर त्यांनी आम्हाला शोधायला लागावं.

हाच परिच्छेद बाईंनी पेन्सिलनं अधोरेखित केला होता, हे मला सूट हातात घेताना दिसलं.

सूट आली ती एका पानाची, अटी दोन पानांच्या. फक्त या मार्गासाठी. फक्त दिवसा. वाऱ्याची आणि लाटांची वरची मर्यादा घातलेली. ईपीआयआरबी आमच्या बोटीच्या नावानं नोंदलेला, दोन जलरोधक हातसंच आणि व्हीएचएफसाठी मुख्य बॅटरीहून वेगळी, प्रवासी बसतात त्या पातळीच्या वर बसवलेली राखीव बॅटरी. दहाव्या बिंदूवरच्या दोन्ही हाकांची वेळेसह नोंदवही. प्रवाशांची संख्या ३६ वरून ३०. यावर मी कुरकुरले, तर उत्तर मिळालं की मध्यम लहरींचा संच लावा, सहाही परत मिळतील. आणि सुटीची मुदत सुरक्षा प्रमाणपत्राच्या मुदतीपुरती, ते संपलं की हीही संपली.

बॅटरी वर चढवताना एक बाक काढावा लागला. सहा माणसं कमी झालीच होती, तेव्हा बाकाचं फार वाटलं नाही. मामांनी त्या जागी लाकडी पेटी करून घेतली, झाकणावर हातसंचांचे हुक.

पहिल्या हंगामात किनारा-केंद्राला आमची हाक दिवसातून चार वेळा जायची: दोन फेऱ्या, प्रत्येकीला एक जाताना आणि एक बाहेर येताना. सुरुवातीला मामा त्याला 'परवानगी मागणं' म्हणायचे, जरा चिडूनच. एकदा परतीला एक प्रवासी दीपगृहाच्या पायऱ्यांवर पाय मुरगळून बसला आणि आम्हाला निघायला चाळीस मिनिटं उशीर झाला. दहाव्या बिंदूवर आलो तर चॅनल १६ वर आमच्या बोटीचं नाव ऐकू येत होतं. किनारा-केंद्र आम्हाला हाका मारत होतं, आणि जवळच जाळी टाकून बसलेल्या एका होडीला बेटामागे जाऊन बघायला सांगून झालं होतं. ती होडी आमच्या दिशेनं वळलेली मी केबिनमधून पाहिली. मामांनी माइक उचलला, नाव सांगितलं, माणसं सगळी ठीक आहेत म्हणून सांगितलं, 'ओव्हर' म्हणाले आणि अंगठा लगेच उचलला.

आता नूतनीकरण आलंय. नोंदवही जोडायची आहे, आणि बारा बिंदूंची चाचणी पुन्हा, कारण बाईंच्या जागी आलेल्या साहेबांना नवा तक्ता हवाय. मामा म्हणतात ओहोटीच्या दिवशी जाऊ, म्हणजे वाईटातलं वाईट आधीच कळेल.